गुरुवारची रेघ

गुरुवारची दुपार टळली, तरी चित्रावर रेघ उमटली नाही.

मंजुश्री पडद्यासमोर श्वास रोखून बसली होती. पलीकडच्या गोठलेल्या भांड्यात एक बारीक सुई काळ्या स्फटिकावरून सरकत होती. टेकत नव्हती, मध्ये जेमतेम दोन-चार अणूंची फट. हा स्फटिक थंडीत वीज जराही न गमावता वाहून नेतो, कारण त्यातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात. कुठं त्या जोड्या घट्ट, कुठं सैल, ते सुई ठिपक्याठिपक्याने टिपत होती. एका नकाशाला आठवडा लागे.

आणि दर गुरुवारी तो बिघडे. आधी हलके धक्के, मग थोडी शांतता, मग पुन्हा तसेच धक्के. जणू कुणी दारापर्यंत येतं, थांबतं आणि निघून जातं. चित्रावर आडवी रेघ राही. तिने यंत्राखाली रबर घातलं. दारावर कागद लावला : इकडून चालू नये.

"तुझ्याकडं भूत तरी येतंय बाई," शेजारच्या प्रयोगशाळेतली मुग्धा म्हणायची. "आमच्याकडं तेही फिरकत नाही."

मंजुश्रीला हसू येत नसे. नांदेडात तिच्याकडे खरंच कुणी येत नव्हतं. ठरलेलं लग्न मोडून ती संशोधनाला आली, त्या दिवसापासून वडिलांनी, अप्पांनी, बोलणं टाकलं होतं. उदगीरला घरी फोन केला की आईच, म्हणजे अव्वाच, घ्यायची. अप्पा दुकानात आहेत, अप्पा माल घेऊन बाहेरगावी गेलेत, अप्पांचा आत्ताच डोळा लागलाय.

गेल्या गुरुवारी मात्र तिचा तोल सुटला. बसल्या जागेवरून ती ओरडली, "कोण आहे ते? चित्र हलतंय माझं! पुन्हा इकडं येऊ नका!"

बाहेरची पावलं निघून गेली, आली होती त्यापेक्षाही हळू.

आज दिवेलागणीला नकाशा पुरा झाला. एकही रेघ नाही. बाहेरून एकजिनसी दिसणारा स्फटिक आत ठिगळाठिगळांचा होता. घट्ट जोड्यांच्या शेजारीच, चार-दोन अणूंवर, सैल जोड्या. इतकं स्वच्छ तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. दाखवायला खोलीत कुणीच नव्हतं. मुग्धाही घरी गेली होती.

तिने उदगीरला फोन लावला.

"अव्वा, चित्र आलं गं माझं!"

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला. अव्वा नव्हती ती.

"आलं न्हवं नीट?" अप्पा म्हणाले. "आज म्या तुझ्या दारापोतर आलोच न्हाई, पोरी. मोंढ्यात माल टाकला अन् तिथनंच माघारी फिरलो."