ट्रॉलीचा जॅक

जॅकनं टोकाला बसवलेली पाचर बाभळीच्या ओंडक्यात घुसवली, ओंडका कडकडत चिरला. पण जॅकचा दांडा मात्र बाहेर आला तो तसाच राहिला.

"चुकलंच!" द्वारकाच्या नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "हा ट्रॉली उचलायचा जॅक. ट्रॉलीच्या वजनानंच परत आत जातो. इथं आडवा ठेवल्यावर त्याला कोण ढकलणार?"

चार महिने भंगार जोडून केलेलं लाकडं फोडायचं यंत्र! द्वारकानं ओळखलं, आता खानावळीच्या चुलीसाठी हा पुन्हा कुऱ्हाड शोधणार. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर तिनं ती कणगीतल्या ज्वारीत पुरून ठेवली होती.

ती तडक आत गेली आणि विहिरीची जुनी कप्पी घेऊन आली. "वजनच पाहिजे ना? मग पाचरीला दोर लावा, कप्पीवरून घ्या, आणि दुसऱ्या टोकाला आपलं जातं टांगा."

जातं लोंबकळलं. नवऱ्यानं जॅकची कळ सैल करताच दांडा मुकाट्यानं मागं सरकला. दुसरा ओंडका फुटला, तिसराही.

द्वारकाचा जीव भांड्यात पडला. "कुऱ्हाड कणगीत आहे," ती हळूच म्हणाली.

"पहिल्याच दिवशी सापडली होती गं," तो हसला. "पण ती लपवल्यावर तुला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली, म्हणून हात लावला नाही."