गाडी कशी सुरू होते?

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या लेकीपुढे चित्राचं कार्ड धरलं. रंग, फळं, प्राणी सगळं मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. घराजवळची शाळा ही एकच. इथे प्रवेश मिळायलाच हवा होता.

"हे काय आहे?"

"गाडी!" साडेतीन वर्षांची लेक म्हणाली.

"शाब्बास! कशी सुरू होते ती?"

"आधी आई बाप्पाला नमस्कार करते. मग किल्ली फिरवते. मग बाबाला फोनवर ओरडते, 'जुनी गाडी घ्यायची हौस तुलाच होती!' मग वॉचमनकाका धक्का मारतात."

मी घाईघाईने पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली.

"क्रम अगदी बरोबर," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "प्रवेश पक्का." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "सकाळी सोडायला याल, तेव्हा मागच्या गल्लीतला उतार तेवढा मोकळा सोडा हं. तिथे मी माझी जुनी गाडी लावते."