गाण्यात नसलेली किंकाळी

कपिल वणीत नव्या भाड्याच्या घरात राहायला आला, तेव्हा पहिल्याच रविवारी दुपारी त्याने कॉलेजातल्या दोस्ताला, स्वानंदला बोलावलं. दोघांचा जीव की प्राण असलेला जुना हेवी मेटल अल्बम पुन्हा ऐकायचा होता, तोही पूर्ण आवाजात. तिसऱ्या गाण्यात एक किंकाळी आली आणि कपिलने स्पीकर बंद केला.

"हे गाण्यातलं नाही बे."

शेजारी बाई ओरडत होती. दोघांनी लाथा मारून दार तोडलं. नवरा तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटत होता. स्वानंद मध्ये पडला, तर नवऱ्याने बॅट उचलून स्वानंदचं मनगटच मोडलं. मग कपिलने त्याला खाली पाडलं आणि त्याचं तोंड रक्ताने भरलं तरी मारत राहिला.

"सोडा भाऊ त्याले, मरून जाईन थो," ती म्हणाली. "माहं रोजचंच आहे. सारी गल्ली ऐकते."

तेवढ्यात पोलीस आले. अखेर कोणीतरी फोन केला, म्हणून कपिलला बरं वाटलं.

"गाणे तुमच्याच घरी वाजून राह्यलते का?" हवालदाराने विचारलं. "गल्लीले त्रास होते म्हणून तक्रार आली."