दमाची जागा

"तो नवा बासरीवाला म्हणतो, आपली धून चुकीची आहे." पेटीतून फिडल काढता काढता डीलियाने वडिलांपुढे तक्रार मांडली. "रविवारी पबमध्ये आम्ही सगळे नेहमीच्या जागी थांबलो, आणि हा शहाणा एकटाच पुढे वाजवत राहिला. वर मलाच विचारतो, तुमचा एक सूर कुठे सांडला?"

फेस्टस मल्केरिन खिडकीशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. नाकात प्राणवायूची नळी होती आणि शेजारचं यंत्र संथपणे सुस्कारत होतं. त्यांनी न्यूयॉर्कच्या पोटात जन्मभर बोगदे खणले. हल्ली मात्र आपण इथे ब्रॉन्क्समध्ये आहोत की आयर्लंडला, गॉलवेच्या घरातल्या स्वयंपाकघरात, हे त्यांचं नक्की ठरत नसे. त्यांना त्याचं काही वाईटही वाटत नव्हतं.

"गावाकडचा आहे का गं तो?"

"गावाकडचाच. पण मी चांगलं सुनावलं त्याला. म्हटलं, ही माझ्या वडिलांची धून आहे. ते थांबायचे तिथे मी थांबते, आणि माझ्या हाताखाली शिकलेली ही आपली अख्खी वुडलॉन वस्ती थांबते. डॅडी, तुम्हीच सांगा त्याला एकदा."

"वाजव बघू."

डीलियाने फिडल हनुवटीखाली धरून तारांवर गज टेकवला. ही धून लहानपणी तिने वाद्यावर कधी ऐकलीच नव्हती, घरात वाद्य होतंच कुठे! कामावरून आलेले वडील चिखलाचे बूट काढून तिला मांडीवर घ्यायचे आणि तोंडानेच डिडल-डाय करत धून म्हणायचे. वाजवताना तिला ती मांडी आठवली, ओल्या मातीचा वास आला. ती जागा आली आणि ती थांबली.

त्या शांततेत खुर्चीतून एक सूर आला. बारीक, थरथरता, पण अगदी खरा.

"हा... हा सूर आहे तिथे?"

"म्हणजे काय! तोच तर धुनेचा जीव. माझी आई कधी गाळायची नाही."

"मग तुम्ही का थांबायचात?"

"दम लागायचा गं पोरी. बोगद्यातली धूळ छातीत बसलेली. तिथवर आलो की श्वास संपायचा." मग त्यांना खोकला येईस्तोवर हसू आलं. "म्हणजे अख्खं वुडलॉन माझा दमा वाजवतंय!"

डीलियाला रडूच फुटलं. त्या थांबण्याला ती आजवर दागिना समजत आली होती.

"रडतेस काय? नीट वाजव. उद्या वर माझी आई भेटली तर काय तोंड दाखवू तिला?"

तिने बाहीने डोळे पुसले आणि धून पुन्हा धरली. या खेपेला तेही सोबत म्हणू लागले, डोळे मिटून. ती जागा आली. त्यांचा आवाज सवयीप्रमाणे तुटला.

सूर डीलियाने लावला. तेवढ्यात वडिलांनी निवांत, पोटभर श्वास घेतला आणि पुढच्या सुरावर ते तिला येऊन मिळाले.