विचारून विचारून

कोड लिहायला जोडीला कुठलं एआय टूल बरं, ते ठरवायचं काम कंपनीने मनस्वीच्या गळ्यात घातलं होतं. रत्नागिरीच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून ती सकाळपासून एकेक टूल चालवून बघत होती. पहिलं बरं होतं, एकदा हो म्हटलं की मुकाट कामाला लागायचं. दुसऱ्याने मात्र तिचं डोकं उठवलं. फाईल उघडू का? ही ओळ बदलू का? टेस्ट चालवू का? आणि दर वेळी खाली बटण एकच, 'या वेळेपुरती परवानगी'. कायमची द्यायची सोयच नाही!

वैतागून तिने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'ज्याला काम येतं त्याला ऊठसूट विचारायला लावणं हा निव्वळ छळ आहे. हे टूल नको.' आणि लॅपटॉप धाडकन मिटला.

मग खाली येऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, संध्याकाळी जरा मांडवीच्या किनाऱ्यावर फिरून येऊ का?"

कोलंबी सोलता सोलता, वर न बघताच सासूबाई म्हणाल्या,


"आजच्या दिवस जा. पण रोजचं नको हां."