दगडातली बांगडी

"अगं, जोर नको लावूस, फुटेल!" मागून कुमुदताईंचे यजमान म्हणाले.

बांगडी हलेना. बत्तीस वर्षांपूर्वी, मूल व्हावं म्हणून, कुमुदताईंनीच ती गुहेतल्या या बोटभर सुळक्यात घातली होती. इथली रीतच तशी; नवस पावला की येऊन आपली बांगडी काढून न्यायची. हेरंब झाला, पण संसाराच्या रगाड्यात येणं राहूनच गेलं. आता तो दवाखान्यात बेशुद्ध पडून असताना दोघं डोंगराने आपणच घडवलेला दगडी पूल धापा टाकत ओलांडून आली, तर छतातून ठिबकणाऱ्या चुनखडीच्या पाण्याने बांगडीवर दगड चढलेला. हिरवी कड तेवढी दिसत होती.

यजमानांनी एक धोंडा त्यांच्या हातात दिला. "फोडूनच काढ."

"सवाष्णीने आपल्या हाताने बांगडी फोडायची? तुम्ही समोर उभे असताना?"

"माझं राहू दे गं. पोराचं बघ."

कुमुदताईंनी धोंडा उगारला, खाली घेतला, पुन्हा उगारला. तेवढ्यात वरून थेंब पडला. धोंडा टाकून त्यांनी बांगडीवर ओंजळ धरली. निदान आणखी दगड तरी चढायला नको.