नखं काढलेली असावीत

प्राण्यांच्या डॉक्टरांनी भावनाचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पेनाने आडवी रेघ ओढली.

"इथून," त्या म्हणाल्या. "नुसतं नख काढता येत नाही. ते हाडातूनच उगवतं, म्हणून पेरच कापावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा. मी हे ऑपरेशन करत नाही. दर पंधरा दिवसांनी नखं कापा, ओरबाडायला दोरी गुंडाळलेला खांब द्या, नखांवर बसवायच्या रबरी टोप्याही मिळतात. आणि त्या अपार्टमेंटवाल्यांना एकदा विचारून तर बघा."

"लेखी नियम आहे," भावना म्हणाली.

टेबलावर उडीद पाय चाटत बसला होता. काळा कुळकुळीत बोका, हनुवटीखाली पांढरा ठिपका. भावनाची अकरा वर्षांची मुलगी हर्षिता त्याचे कान खाजवत होती. मार्चमध्ये घटस्फोट झाला, बाबा टेक्सासला गेले, तेव्हापासून उडीद तिच्या पायांशी झोपायचा. आता अल्फारेटा गावातलं त्यांचं राहतं घर विकलं होतं. हर्षिताची शाळा बदलायची नाही, एवढं एकच भावनाने ठरवलं होतं, आणि त्या शाळेच्या हद्दीत तिला परवडेल असं एकच अपार्टमेंट मिळत होतं. वेबसाइटवरून तिने फॉर्म काढला. चौदावं कलम असं होतं: मांजर असल्यास पुढच्या पायांची नखं काढलेली असावीत, डॉक्टरांचा दाखला जोडावा.

या देशात तिला तेरा वर्षं झाली होती. व्हिसा, एक्स्टेन्शन, ग्रीन कार्डची न सरणारी रांग. प्रत्येक फॉर्म तिने कॅपिटल अक्षरांत, दोनदा तपासून भरला होता. कागदाला प्रश्न विचारला की कागद परत येतो, हे ती पक्कं शिकली होती.

अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर दुसरा डॉक्टर सापडला. त्याने काही समजावलं नाही, फक्त तारीख दिली.

"ही विल बी ओके, राइट?" गाडीत हर्षिताने विचारलं.

"हो गं. आठवड्याभरात उड्या मारायला लागेल."

उडीद घरी आला तेव्हा त्याच्या पुढच्या पायांना पट्ट्या होत्या. पट्ट्या निघाल्या, तरी तो पंजे पूर्ण टेकवेना. वजन मागच्या पायांवर टाकून, गरम फरशीवर चालल्यासारखा चालायचा. शीसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये पाय घातला की खडे टोचायचे. एकदा किंचाळून तो बाहेर पळाला आणि मग ट्रेकडे फिरकलाच नाही. हर्षिताच्या गादीवर करू लागला. भावनाने खडे काढून कागदाचे मऊ तुकडे घातले, पण उपयोग झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात हर्षिताने त्याला उचलून घ्यायला हात पुढे केला, तर तो तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. यापूर्वी तो कधी कुणाला चावला नव्हता. ओरबाडायला काही उरलं नव्हतं, म्हणून चावत होता.

"काही मांजरांचं दुखणं राहतं," फोनवर दुसरा डॉक्टर म्हणाला.

दाखला जोडून त्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला आल्या, तिथे उडीद बाथटबमध्ये बसून राहू लागला. तिथलं गार, गुळगुळीत तेवढं त्याला सोसत असावं. हर्षिता दारातून त्याला हाक मारायची. तो बघायचा, उठायचा नाही. दोघी एका बेडवर झोपू लागल्या. हर्षिता भिंतीकडे तोंड करून झोपायची.

सप्टेंबरमध्ये वरच्या मजल्यावर कुश नावाचा एक तरुण राहायला आला. शनिवारी सकाळी भावना कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली, तर वरून खर्रखर्र आवाज आला. तिने मान वर केली. कुशच्या बाल्कनीत दोरी गुंडाळलेला एक खांब होता. त्याला एक नारिंगी मांजर दोन्ही पंजे रुतवून, पाठ ताणून ओरबाडत होतं.

 ओला टॉवेल बादलीत टाकून, हर्षिताला "आलेच" म्हणून भावना तडक खाली, भाडेकरार होतात त्या लीझिंग ऑफिसमध्ये गेली.  नियम सगळ्यांना सारखा हवा, असं ती वाटेत मनाशी म्हणत होती. खरं तर वरच्या त्या मांजराचे शाबूत पंजे तिला बघवत नव्हते.

"मला कम्प्लेंट करायची आहे," ती टॅमीला म्हणाली. टॅमी ऑफिसची मॅनेजर, पन्नाशीची, बोलकी बाई. "वरच्या फ्लॅटमधल्या मांजराला नखं आहेत. कलम चौदा."

टॅमीने भुवया उंचावल्या. कपाटातून भावनाची फाइल काढली. फॉर्म चाळला. मागे जोडलेल्या दाखल्यापाशी तिचा हात थांबला. तो तिने पहिल्यांदाच वाचला असावा.

"ओह हनी," ती हळू आवाजात म्हणाली. "हा जुना फॉर्म आहे. वेबसाइटवर राहून गेला असणार. ते कलम आता नाहीये. दोन वर्षं झाली."

 "कोर्टात गेलं होतं का कुणी?" भावनाने विचारलं.

"कोर्ट कसलं! बी बिल्डिंगमध्ये एक आजी राहायच्या. त्यांनी इथे येऊन विचारलं, हे असलंच पाहिजे का? मी मालकांना फोन लावला, आणि त्यांनी त्याच दुपारी ते काढून टाकलं."